सुपरमॅनचे खरे आईबाप

वाचकहो, कीर्तनकार एखादे आख्यान लावतो, तेव्हा त्याचा शेवट श्रोत्यांना ठाऊक असतोच. तरीही ते तन्मयतेने ऐकतात. कारण जुन्या कथेतून आजच्या मनाला काय मिळते, याची त्यांना उत्सुकता असते. सुपरमॅनची कथाही अशीच पुनःपुन्हा सांगितली गेली आहे. जेम्स गन यांनी २०२५ साली ‘सुपरमॅन’ या चित्रपटात ती नव्याने मांडली. या नायकावर लहानपणापासून लोभ असलेल्या प्रस्तुत लेखकाला तिचे जे मर्म जाणवले, ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी वाढलेल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांची ही निर्मिती. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील होते. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला आणि त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरना विकले गेले. नष्ट होणाऱ्या क्रिप्टॉन ग्रहावरून आलेले अर्भक कॅन्सस राज्यातील एका शेतकरी दांपत्याच्या घरी वाढते, ही पुढे रूढ झालेली कथा. १९७८ साली रिचर्ड डॉनर यांच्या चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह यांनी या नायकाला प्रसन्न, निर्मळ रूप दिले. २०१३ सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये झॅक स्नायडर यांनी त्याला गंभीर आणि काहीसा एकाकी रंगविला.

नव्या चित्रपटाच्या आरंभीच हा बलवान नायक पराभूत होऊन बर्फात कोसळतो. क्रिप्टो नावाचा द्वाड कुत्रा त्याला फरफटत घरी नेतो. तेथे यंत्रमानव त्याच्या जखमांवर सूर्यप्रकाशाचा उपचार करतात आणि जन्मदात्यांचा जुना संदेश त्याला ऐकवितात. संदेशाचा अर्धाच भाग शाबूत आहे. पण पृथ्वीवरील लोकांचे भले करण्यासाठीच आपल्याला येथे पाठविले, हा दिलासा त्याला त्यातून मिळत आलेला आहे.

पुढे लेक्स ल्यूथर संदेशाचा हरवलेला भाग शोधून जगाला ऐकवितो. त्यात जन्मदात्यांनी पुत्राला या दुबळ्या मानवांवर राज्य करण्यास सांगितलेले असते! लोक क्षणात पाठ फिरवितात. त्याहून मोठा घाव नायकाच्या मनावर बसतो. ज्यांच्या आज्ञेवर आपण आयुष्य उभारले, त्यांचा हेतूच असा असेल, तर आपण कोण?

या प्रश्नाचे उत्तर त्याला शेतावरील साध्या घरात मिळते. पालक पिता जोनाथन केंट त्याला समजावितात, की मुलाने काय व्हावे हे आईबाप ठरवीत नसतात. माणूस घडतो तो स्वतःच्या निवडीने आणि कृतीने. आपल्याला येथे कर्णाची आठवण व्हावी. आपण कुंतीपुत्र आहोत हे कळल्यावरही त्याने अधिरथ आणि राधा यांच्याशी असलेले नाते तोडले नाही. ज्या घरात दत्तक मूल वाढत असेल, त्या घराला तर या प्रसंगाचे मोल अधिकच वाटेल.

डेव्हिड कोरेनस्वेट यांचा नायक चिडतो, गोंधळतो, आणि संकटाच्या धुमश्चक्रीतही एका खारीला वाचवितो. रेचल ब्रॉसनाहन यांची लोइस लेन त्याची मुलाखत घेताना, दुसऱ्या देशांच्या युद्धात तू कोणाच्या अधिकाराने पडलास, असे निर्भीडपणे विचारते. सामर्थ्यवानालाही जाब द्यावा लागतो, हे सांगणारा तो प्रसंग सर्व मारामाऱ्यांहून रंगला आहे.

दोषही आहेतच. उपनायकांची गर्दी फार झाली आहे आणि इमारतींच्या पडझडीचा गोंगाट कान किटवितो. सुपरमॅनला मदत केलेल्या एका फेरीवाल्याला त्याच्याच डोळ्यांदेखत गोळी घातली जाते. लहानग्यांना चित्रपट दाखविण्यापूर्वी आईबापांनी हे ध्यानी घ्यावे.

शेवटी नायक पुन्हा उपचार घेत असतो. पुन्हा आईबापांची चित्रे त्याच्यासमोर लावली जातात. परंतु या वेळी ती क्रिप्टॉनची नसतात. केंट दांपत्य आणि त्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारे मूल त्यांत दिसते. सत्याऐंशी वर्षांच्या जुन्या कथेत एवढाच बदल. पण तो कथेचा अर्थ उजळून टाकतो. आपल्या घरीही अशी जुनी छायाचित्रे असतील. चित्रपट पाहून परतल्यावर ती मुलांसमवेत अवश्य पाहावीत.