सुगंधाची जबानी

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरे खोकल्याच्या औषधापायी मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या इस्पितळांत एकामागून एक दगावली, त्या प्रकरणाची उजळणी येथे नको. परंतु त्यानंतर बाटलीबंद औषधावरचा उडालेला विश्वास कोठे जाऊन बसला, हे मात्र पाहण्याजोगे आहे. नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानात नीलगिरी, लव्हेंडर आणि संत्र्याच्या सालीचे तेल यांच्या इवल्या कुप्या सुगंधोपचारासाठी ओळीने मांडलेल्या. मी संत्र्याची हुंगतो न हुंगतो तोच दुकानदार म्हणाला, ‘‘घ्या न भाऊ, प्युअर नॅचरल आहे. केमिकल नाही काही यात.’’ वस्तुतः त्या कुपीतला बहुतांश ऐवज लिमोनीन नावाचे रसायनच होते!

संत्र्याच्या बाजूनेही पुरावा आहे, हे संत्रानगरीच्या रहिवाशाने आनंदाने नमूद करावे. ऑस्ट्रियात ७२ दंतरुग्णांवर झालेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रतीक्षाकक्षात संत्र्याचा सुवास दरवळत असता स्त्रियांची धास्ती कमी झालेली आढळली; पुरुष मात्र जसेच्या तसे राहिले. पुढे २००८ साली अमेरिकेतील ओहायो येथे ५६ जणांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात लिंबाच्या वासाने मन प्रसन्न झाले, परंतु वेदना, जखमेचे भरून येणे किंवा प्रतिकारशक्ती यांत तसूभरही सुधारणा झाली नाही. शिवाय अशा प्रयोगांची एक अंगभूत अडचण आहे: साखरेची गोळी औषधासारखी दिसू शकते, पण वास आला की रोगी ओळखतोच, आणि मग गुण तेलाचा की अपेक्षेचा, याचा निवाडा करणे कठीण होते.

याउलट पेपरमिंटच्या तेलाची शिफारस आतड्यांच्या जुनाट तक्रारीसाठी वैद्यकशास्त्र आज करते, ते त्याच्या सुगंधावर भाळून नव्हे, तर आतड्यातच विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून ठराविक मात्रा देऊन, तिची बनावट कॅप्सूलशी तुलना करून, खातरजमा झाली म्हणून. मात्रा बांधली की तेल औषध होते. न बांधली की काय होते, ते कापराने दाखविले आहे. दक्षिण भारतातील मेंदूतज्ज्ञांनी चार वर्षे तपासलेल्या, झटके आलेल्या ३५० रुग्णांपैकी ५५ जणांच्या बाबतीत नीलगिरी किंवा कापराच्या तेलाशी संबंध आढळला, आणि हे सारे प्रौढ होते. तान्ह्याच्या छातीला कापूर चोळणाऱ्या, उशाशी त्याची पुरचुंडी ठेवणाऱ्या आजीच्या मायेविषयी शंका नाही; पण कापूर त्वचेतून आणि श्वासातून रक्तात उतरतो, तेव्हा त्याला मायेचे वजन कळत नाही.

नाकाची साक्ष किती ग्राह्य धरावी, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. वऱ्हाड-खानदेशच्या रानांतील रोशा गवताचे तेल एके काळी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. युरोपातली शौकीन गिऱ्हाइके सातपुड्याचे गवत हुंगून गुलाबाची तारीफ करीत. नीलगिरी-कापराच्या कुपीवर मात्रा, शुद्धता आणि वय यांची नोंद मागण्यापूर्वी आपणही तिचा वासच घेतो. छिंदवाड्याच्या त्या औषधात सापडलेले डायइथिलीन ग्लायकोल हे विषही चवीला गोडच असते.