होडीच्या पोटातला दिवा

परवा पुतण्या ड्रिल घेऊनच दारात उभा! “काका, होडीच्या आतल्या भिंतीत दिवे बसवतो. वर टांगलेल्या दिव्यात जाळं अडकतं.” दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर करंजवण धरण आहे, तिथं तो अंधारातच मासे धरायला निघतो.

कल्पना पटली. पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आधी जोखीम दिसते. फायबरच्या त्या होडीला दोन भिंती, मध्ये फोम. बाहेरच्या भिंतीला भोक पडलं तर संपलंच; आतल्या भोकातून पाणी मुरलं तरी फोम भिजून होडी जड होते. म्हणून ड्रिलला टेप गुंडाळून खोली ठरवली, भोकं काठाजवळ उंचावर घेतली, कापलेल्या कडांना इपॉक्सी लावलं. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बारा व्होल्टच्या तारा चिकटल्या तरी आग लागते.

त्याला तांबडे-हिरवे दिवे हवे होते. मी नाही म्हटलं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा. ती दिशेची खूण, शोभा नव्हे. शेवटी पांढरे बसवले, चाराऐवजी दोनच.

वहिनी अजून विचारतात, “चांगल्या होडीला भोक पाडायलाच हवं होतं का?” जाळं आता अडकत नाही, एवढंच मी सांगतो. पहाटे तो परतेपर्यंत झोप मात्र आम्हां दोघांनाही लागत नाही.