नव्या काचेच्या टाकीत कोणते मासे सोडावेत?

मुलांच्या हौसेखातर घरात काचेची टाकी येते आणि पुष्कळदा पंधरवड्यातच मासे दगावतात. दोष माशांचा नसतो; पाणी तयार झालेले नसते. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया हे विष पाण्यात उतरते. ते पचविणारे सूक्ष्म जंतू वाळूत व गाळणीत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून क्लोरीन उडून जाण्यासाठी नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवावे आणि ५० लिटरच्या टाकीत आरंभी पाच-सहाच काटक मासे सोडावेत.

यासाठी झेब्रा मासा उत्तम. निळ्या पट्ट्यांचा, दीड इंचाचा हा मासा परका नव्हे. हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले; आपले ग्वाल्हेरही यमुनेमार्फत त्याच खोऱ्यात येते. थंडी-उष्णतेतील फरक तो बराच सोसतो. गोल्डफिश मात्र आरंभी नको. तो मोठा होतो व पाणी फार घाण करतो.

दाणाओळीच्या उन्हाळ्यात टाकी उन्हापासून दूर ठेवावी. दोन मिनिटांत संपेल इतकेच अन्न घालावे. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. टाकी सबंध धुऊ नये, नाहीतर ते उपकारक जंतूही जातात. दीड महिना मासे तगले, म्हणजे मगच मुलांना आणखी आणू द्यावेत.