वय उलटल्यावर डॉक्टर व्हावेसे वाटले तर...

आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचे वय ठरलेले असते. मुंजीचे, लग्नाचे, नोकरीचे आणि डॉक्टर होण्याचेसुद्धा. बारावीचा निकाल लागतो, वैद्यकीयला नंबर लागत नाही, घरात दोन-चार दिवस सुतक पाळल्यासारखे जातात. मग मुलगा मुकाट्याने बी.एस्सी.ला जातो आणि तो विषय तिथेच मिटतो. पुढे पस्तिशीत त्याच माणसाने ‘मला अजूनही डॉक्टर व्हावेसे वाटते’ असे म्हटले, तर लोक आधी हसतात आणि मग त्याच्या बायकोकडे सहानुभूतीने पाहतात. हे मी अनुभवाने सांगतो. माझे वय ३६ वर्षे. मी देवळीला राहतो, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि रात्री सगळे निजल्यावर ‘नीट’ परीक्षेची पुस्तके उघडतो. शिकवणीच्या वर्गातली मुले मला ‘काका’ म्हणतात आणि भौतिकशास्त्रातल्या अडचणी न लाजता सोडवूनही देतात.

कायद्याने हा वेडेपणा आता मान्य आहे. ‘नीट’ला बसण्यासाठी २०१७ साली सर्वसाधारण गटाला २५ आणि राखीव गटांना ३० वर्षांची वयोमर्यादा घालण्यात आली होती. त्यावर न्यायालयात दाद मागितली गेली. शेवटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही मर्यादाच काढून टाकल्याचे मार्च २०२२ मध्ये जाहीर झाले. आता वयाची १७ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही दार मोकळे आहे. मात्र त्या दारातून आत जाण्याची किल्ली एकच आहे, ती म्हणजे गुण. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ७२० पैकी तुम्ही किती मिळवले, एवढेच पाहिले जाते. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. त्यामुळे पंचविशी-तिशीतला विद्यार्थी तिथे नवलाचा नसतो आणि त्याने रुग्णालयात केलेली सेवा प्रवेश देताना विचारात घेतली जाते. आपल्याकडे तशा सेवेला एक गुणही नाही.

असे असताना माझ्यासारख्याने अभ्यासाचा वेळ मोडून रुग्णालयात जायचे ते कशासाठी?

डर्बनचा कंपाउंडर

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हा वर्धा जिल्ह्यातल्या माणसांना लांब जावे लागत नाही. गांधीजींना विलायतेला जाण्यापूर्वी डॉक्टर होण्याची इच्छा होती. पण वैष्णवांनी प्रेतांची चिरफाड करू नये, असे वडिलांचे मत असल्याची आठवण थोरल्या भावाने दिली आणि ते बॅरिस्टर झाले. गोष्ट इथे संपली असती, तर ती आपल्या घरोघरच्या गोष्टीसारखीच ठरली असती. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डर्बनला त्यांची वकिली चांगली चालू असताना एक कुष्ठरोगी त्यांच्या दारात आला. त्याला घरात ठेवून त्यांनी त्याच्या जखमा धुतल्या. पुढे त्याला सरकारी इस्पितळात पाठवावे लागले, पण मनाची रुखरुख गेली नाही. पारसी रुस्तमजींच्या देणगीतून डॉ. बूथ यांच्या देखरेखीखाली एक लहानसा धर्मादाय दवाखाना निघाला. तिथे तिशीच्या आसपास असलेले हे बॅरिस्टर रोज सकाळी कंपाउंडर म्हणून काम करू लागले. जाण्यायेण्यासकट दोन तास त्यात जात. कोर्टातली कामे तेवढ्यापुरती त्यांनी एका सहकारी वकिलावर सोपवली होती.

त्यांचे काम काय होते, ते त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. रोग्याची तक्रार विचारून घ्यायची, ती डॉक्टरांपुढे मांडायची आणि डॉक्टर सांगतील ते औषध तयार करून द्यायचे. रोगी बहुतेक तामीळ, तेलुगू किंवा उत्तर हिंदुस्थानी गिरमिटिये. या कामाने मनाला थोडी शांती मिळाली, असेही त्यांनी नोंदवले आहे. १८९९ साली बोअर युद्ध सुरू झाल्यावर सुमारे अकराशे हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभे राहिले, तेव्हा हा अनुभव उपयोगी पडला. १९०० साली देवदासच्या जन्माच्या वेळी डॉक्टर आणि सुईण वेळेवर मिळेनात, तेव्हा कस्तुरबांचे बाळंतपण त्यांनीच पार पाडले. हेच गृहस्थ १९३६ साली आमच्या जिल्ह्यात शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींना त्यांनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळून दिले. डॉक्टरकीची पदवी त्यांना मिळाली नाही. शुश्रूषा मात्र म्हातारपणापर्यंत सुटली नाही.

सेवा आधी, शिक्षण नंतर

आता दुसरे उदाहरण. बाबा आमटे याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे, जन्म १९१४ चा. व्यवसायाने वकील. वरोऱ्याला गटारात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून ते हादरले, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. त्यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. बाबांनी आधी रोग्यांची सेवा केली, या रोगाविषयी मिळेल ते वाचले आणि मग १९४९ च्या सुमारास, वयाच्या पस्तिशीत, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. प्रयोगासाठी रोगजंतू त्यांनी स्वतःच्या शरीरात टोचून घेतले, तेही तिथेच. बायको-मुले असलेला पस्तिशीचा वकील पुन्हा विद्यार्थी झाला, कारण सेवा करता करता कुठे अडते आहे, ते त्याला कळले होते.

युरोपातही असाच एक माणूस होऊन गेला. अल्बर्ट श्वाइट्झर तत्त्वज्ञ होते, धर्मशास्त्राचे अध्यापक होते आणि नामांकित ऑर्गनवादक होते. १९०५ साली, तिसाव्या वर्षी, ते स्ट्रासबर्गला वैद्यकीच्या पहिल्या वर्गात जाऊन बसले. १९१३ साली ३८ व्या वर्षी ते आफ्रिकेत, आजच्या गॅबॉनमधल्या लाम्बारेनेला गेले आणि तिथे त्यांनी रुग्णालय काढले. आपल्या रखमाबाई अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाचा खटला संपवून १८८९ मध्ये लंडनला गेल्या, तेव्हा पंचविशीच्या होत्या. त्या काळच्या हिंदू स्त्रीसाठी ते वय शिक्षणाचे नव्हते. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेला त्यांनी अनेक वर्षे काम केले.

वॉर्डात काय करायचे?

या थोरांच्या पंगतीत बसण्याची माझी लायकी नाही, याची जाणीव मला आहे. मी जातो त्या रुग्णालयात माझे काम अगदी साधे. एरवी रविवारी वॉर्डात आणि सुट्ट्यांत बाह्यरुग्ण विभागात. केसपेपर कुठे काढायचा ते दाखवणे, चाकाची खुर्ची ढकलणे, रक्ताची बाटली आणायला निघालेल्या नातेवाइकाबरोबर जाणे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड लागते, हे खेड्यातून आलेल्या माणसाला इथे आल्यावर समजते. मग कागद आणायला घरी फोन लावून देणे. पावसाळ्यात साप चावलेले येतात आणि कपाशीवर फवारणी करताना विष भिनलेलेही. अशा वेळी स्वयंसेवकाने बाजूला व्हायचे असते. सुई टोचणे, पट्टी बदलणे, रोगाविषयी स्वतःचे मत देणे या गोष्टींना आम्हाला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. रोग्याचे नाव किंवा आजार बाहेर कुठे बोलायचा नाही, हा नियम तर पहिल्याच दिवशी सांगितला जातो.

पण एक काम कोणी न सांगता अंगावर येते. डॉक्टर फेरी करून पुढे गेले की खाटेवरची म्हातारी हळूच विचारते, “डॉक्टर काय म्हनले रे बापा?” डॉक्टर मराठीतच बोललेले असतात. पण त्यांच्यामागे चाळीस खाटा असतात आणि हिचे निम्मे लक्ष भीतीत गेलेले असते. एका आजीने सकाळची गोळी उपाशीपोटी घ्यायची, हे ऐकून दिवसभर अन्नाला हात लावला नव्हता. तिला वाटले, उपास सांगितला आहे! मी ते नर्सबाईंच्या कानावर घातले, त्यांनी आजीला पुन्हा समजावले आणि ताट आले. डर्बनच्या दवाखान्यातले काम हेच होते, हे मला त्या दिवशी उमगले. रोग्याचे डॉक्टरांपर्यंत आणि डॉक्टरांचे रोग्यापर्यंत पोचवायचे.

रुग्णालय आणखीही काही शिकवते. वास सहन होतो का? सकाळी ज्याच्याशी बोललो त्याची खाट संध्याकाळी रिकामी दिसली, तर रात्री जेवण जाते का? आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान डॉक्टर घाईत रागावून बोलला, तर मान खाली घालता येते का? या प्रश्नांची उत्तरे शिकवणी वर्गात मिळत नाहीत. सतरा वर्षांच्या मुलाला ती पुढे शोधायला वेळ असतो. माझ्यासारख्याला साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे, आणि तेवढा काळ घरात न येणारा पगार, हा हिशेब आधी मांडावा लागतो. म्हाताऱ्या आईचे औषध आणि मुलीची फी त्याच हिशेबात येतात. म्हणून मला डॉक्टर ‘म्हणवून घ्यायचे’ आहे की डॉक्टरचे काम करायचे आहे, हे पक्के कळल्याशिवाय बायकोपुढे तो कागद ठेवण्याचा मला अधिकार नाही.

माझ्याबरोबर येणारे दोघे चार महिन्यांत गळाले. एकाला रक्त सहन होईना. दुसऱ्याला उलट इतके आवडले की त्याने परीक्षेचा नाद सोडला आणि रक्तदान शिबिरांच्या कामाला वाहून घेतले. दोघांचेही काही बिघडले, असे मला वाटत नाही. वर्षे आणि पैसे खर्ची पडण्याआधी त्यांना स्वतःचा कौल मिळाला.

आमच्या वर्ध्याच्या परिसरात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. तिथल्या नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला आश्रमातल्या शिबिरात राहून झाडलोट आणि श्रमदान करावे लागते. शरीरशास्त्राच्या आधी झाडू हातात देण्यामागचा विचार जुना असला, तरी शिळा झालेला नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कोणी पस्तिशी-चाळिशीत ‘मला डॉक्टर व्हायचे आहे’ म्हणाले, तर हसू नका आणि लगेच पेढेही वाटू नका. जवळच्या रुग्णालयात त्याला तीन-चार महिने पाठवा, रीतसर परवानगी घेऊन. तो टिकला आणि तरीही पुस्तके उघडून बसला, तर रात्री त्याच्या खोलीतला दिवा मालवायला सांगू नका. माझ्या घरी आता तसे कोणी सांगत नाही. आई झोपताना एवढेच विचारते, “उद्या रविवार हाये, डबा किती वाजता पायजे?”