पाचशेच्या सात नोटा आणि वर दोनशे ऐंशी

माझी आत्या चऱ्होलीला दिलेली. तिथे ज्या दिवशी विमानाचा आवाज कानावर पडला नाही, असा दिवस तिने गेल्या पन्नास वर्षांत अनुभवला नसेल. लोहगावचा तळ १९३९ सालचा, म्हणजे आत्याच्या जन्माच्याही आधीचा. हवाई दलाची विमाने घरघरत डोक्यावरून गेली की गोठ्यातली म्हैससुद्धा मान वर करत नाही, इतकी ती सवयीची. १९९७ साली चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, वावरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आळंदीकडे जाणारा रस्ता ओळखू येईनासा झाला. पण विमानात बसायची वेळ आत्यावर आली ती वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी बंगलोरला जाताना.

तिकीट जावयाने तिकडूनच काढले होते. सामानाची जबाबदारी माझ्याकडे. आता बाळंतिणीकडे निघालेल्या आईचे सामान कसे असते, हे वाचकांना सांगायला नको. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, घरच्या म्हशीचे तूप, जुन्या लुगड्यांची गोधडी, दुपटी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेवढ्या मी आधीच काढून ठेवल्या. खोबऱ्यात तेल असल्यामुळे ते ज्वालाग्राही धरतात आणि विमानात नेऊ देत नाहीत. एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी स्वतःला या विषयातला जाणकार समजत होतो. बॅग वाण्याच्या काट्यावर ठेवली, एकवीस किलो भरली. पंधरा आणि सात मिळून बावीस चालतात, म्हणजे एक किलो हातचा राहिला, असा हिशेब करून मी मोकळा झालो. पंधरा किलो पोटात जाणाऱ्या बॅगेचे आणि सात किलो हातातल्या पिशवीचे, त्यांची बेरीज करायची नसते, हे माझ्या डोक्यातच आले नाही. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

विमानतळावर सोडायला गेलेल्या माणसाला दारापर्यंतच जाता येते. तिथे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो, आणि पुढे प्रवाशाने एकट्याने जायचे. एसटी स्टँडवर आपण बॅग वर टाकून देतो, खिडकीतून पाण्याची बाटली देतो, कंडक्टरला "म्हातारं माणूस आहे, लक्ष ठेवा" म्हणून सांगतो. इथे त्यातले काही नाही. जुलै २०२४ पासून वापरात आलेली नवी इमारत ऐसपैस आहे, काचेतून आतले थोडेफार दिसते. आत्या पदर सावरत, ढकलगाडी लोटत रांगेकडे गेली, मी हात हलवला, तिने पाहिले नाही.

वीस मिनिटांनी फोन आला. आत्याचा फोन बटणांचा.

"अरे, हे सहा किलो जास्त म्हणतायत. तीन हजार सातशे ऐंशी रुपये मागतायत."

"देऊन टाक आत्या. पैसे आहेत ना?"

"आहेत की. पण ते घेत नाहीत."

मला वाटले नोट फाटकी असेल. तसे नव्हते. खिडकीवरच्या मुलीने फोन हातात घेऊन अगदी नम्रपणे सांगितले, "सर, आम्ही कॅश घेत नाही. कार्ड किंवा यूपीआय." मी म्हटले, मी बाहेरच उभा आहे, मी पाठवतो. पण पाठवायचे कुठे? त्या मुलीच्या खाजगी नंबरावर नाही, कंपनीच्या यंत्रावर. ते यंत्र आत होते आणि मी बाहेर. सहा किलो काढून हातात घ्यावे, तर हातातली पिशवी गोधडीने आधीच फुगलेली, आणि तूप हातात नेता येत नाही. मागे रांग ताटकळलेली. आत्याच्या बटव्यात दुधाच्या पैशांतून बाजूला टाकलेल्या पाचशेच्या बारा नोटा होत्या. पैसे असून माणूस अडते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

तिची सोडवणूक केली ती मागच्या रांगेतल्या एका मुलाने. चाकणच्या कुठल्याशा कारखान्यात नोकरी करणारा, असे आत्याने नंतर सांगितले. नाव विचारायचे राहून गेले, याची तिला अजून चुटपुट आहे. त्याने पुढे होऊन आपला फोन यंत्रासमोर धरला, पैसे गेले, पावती निघाली. आत्याने आठ नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. तो म्हणाला, "आजी, मी पाकीटच ठेवत नाही. दोनशे वीस परत द्यायला माझ्याकडे दहा रुपयेसुद्धा नाहीत. तुम्ही सातच द्या." आत्या म्हणाली, "दोनशे ऐंशी तू का सोसायचे?" शेवटी पाचशेच्या सात नोटा आणि वर बटव्याच्या दुसऱ्या कप्प्यातून शंभर, वीस, दहा असे करत दोनशे ऐंशी रुपये तिने मोजून दिले. रांगेतले लोक घड्याळाकडे पाहत होते. पिशवीतून लाडवांचा डबा काढायलाही ती विसरली नाही. त्यापुढे आणखी किती वेळ गेला, ते तिने सांगितले नाही.

मी घरी परतलो तो रागातच. नोट म्हणजे काय थट्टा आहे? रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याचे २६ वे कलम सांगते की, प्रत्येक बँकनोट भारतात कुठेही वैध चलन आहे. नोटेवर गव्हर्नरची सही आहे, रक्कम देण्याचे वचन आहे. एका कडेला पंधरा भाषांची पट्टी आहे आणि तीत मराठीत 'पाचशे रुपये' असे स्वच्छ लिहिलेले आहे. इतक्या भाषांत सांगूनही खिडकीवर ती चालत नाही, याला काय म्हणावे?

पण राग निवल्यावर जरा वाचले, एका वकील मित्राला विचारले, तेव्हा गोष्ट वाटली तेवढी सरळ नाही असे दिसले. वैध चलन या शब्दाचा मूळ संबंध देणे फेडण्याशी आहे. झालेले देणे तुम्ही नोटांनी फेडू लागलात, तर ती फेड धरली जाते. पण व्यवहार होण्याआधीच विकणाऱ्याने "मी पैसे असे घेईन, तसे घेणार नाही" अशी अट घातली, तर तो प्रश्न वेगळा होतो. विमान कंपन्यांच्या अटी तिकिटासोबत बारीक अक्षरांत येतात. त्या कोण वाचतो? मीही नव्हत्या वाचल्या. नाण्यांच्या बाबतीत कायदा मात्र मोजून मापून बोलतो. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच वैध. म्हणजे आत्याने बटव्याऐवजी गल्ला फोडून नेला असता, तर कायदाही तिच्या बाजूने पुरता उभा राहिला नसता.

यातली खरी गंमत पुढेच आहे. २०१९ साली आयकर कायद्यात एक कलम आले. ज्यांची वर्षाची उलाढाल पन्नास कोटींच्या वर आहे, अशा धंद्यांनी ठरावीक इलेक्ट्रॉनिक पद्धतींनी पैसे घेण्याची सोय ठेवलीच पाहिजे, नाही तर दिवसाला पाच हजार रुपये दंड. चांगली गोष्ट आहे. पण तितक्याच मोठ्या धंद्याने रोखीचीही एक खिडकी उघडी ठेवावी, असे त्याच्या जोडीला कोणी लिहिले नाही. एका बाजूचे दार सक्तीने उघडले आणि दुसऱ्या बाजूचे दार लावून घ्यायला मोकळीक राहिली.

कंपन्यांचीही बाजू आहे. रोख म्हटली की मोजणी आली, सुटे आले, खोट्या नोटांची तपासणी आली, पाळी बदलताना हिशेब जुळवणे आले. चार रुपये कमी भरले, तर ते खिडकीवरच्या मुलीच्या पगारातून जाण्याची भीती. माझी एक भाची काही महिने अशाच एका दुकानात गल्ल्यावर होती. ती म्हणते, "मामा, रोख बंद झाली तेव्हा मला रात्री झोप लागायला लागली." हे ऐकल्यावर माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा मात्र कायम आहे, कारण मोजणीचा त्रास कंपनीचा, आणि तो वाचवण्यासाठी एकाहत्तर वर्षांच्या बाईने परक्या मुलापुढे हात पसरायचा, ही वाटणी मला पटत नाही.

आणि हीच विमानतळावरची खिडकी एकेकाळी रोखीची तारणहार होती! ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा ज्या थोड्या ठिकाणी त्या काही दिवस चालत होत्या, त्यांत सरकारी रुग्णालये, पेट्रोल पंप, रेल्वेची तिकीट खिडकी यांच्याबरोबर विमानतळावरची तिकीट खिडकीही होती. पाचशेच्या जुन्या नोटेला तिथे २ डिसेंबरपर्यंत मान होता. सारा देश ज्या नोटा हातात घेईना, त्या विमानतळावर चालत होत्या. आता देशभर चालणारी नोट आत्याच्या खिडकीवर चालली नाही.

आपल्या भोवतालीच पाहा. पीएमपीच्या बसमध्ये वाहक फोनवरूनही पैसे घेतो आणि दहाची नोटही घेतो. आळंदीत हार-प्रसादाच्या टोपलीला फोनने वाचायचा चौकोन चिकटवलेला असतो आणि टोपलीखाली गल्लाही असतो. त्या बाईला कोणी कायदा शिकवलेला नाही, गिऱ्हाईक सोडायचे नाही एवढेच तिला कळते. टोलनाक्यावर फास्टॅग फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्तीचा झाला, पण तिथेही रोख देणाऱ्याला परत पाठवले नाही, दुप्पट घेतले. दुप्पट घेणे जाचक खरे, पण गाडी तरी पुढे जाते.

परदेशात हा वाद आपल्याआधी सुरू झाला. अमेरिकेच्या नोटेवर तर ती सर्व देण्यांसाठी वैध असल्याचे छापलेलेच असते, तरी खाजगी दुकानदाराने रोख घेतलीच पाहिजे असा तिथे देशभराचा कायदा नाही. म्हणून राज्ये आपापले कायदे करतात. मॅसॅच्युसेट्सचा १९७८ पासून आहे, न्यू जर्सीने २०१९ साली केला. तिथल्या काही विमानतळांवर एक उलटे एटीएम उभे असते. आपल्या एटीएममध्ये कार्ड घालून नोटा निघतात, त्यात नोटा घालून कार्ड निघते. मग ते कार्ड घेऊन सामानाच्या खिडकीवर जायचे. काही यंत्रे त्यासाठी वर शुल्कही घेतात, म्हणजे आपलेच पैसे चालते करून घ्यायला पैसे मोजायचे. पण आत्यापुढे तसले यंत्र असते, तर तिला कोणाचे उपकार घ्यावे लागले नसते, हेही खरे.

स्वीडनचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. युरोपातली पहिली बँकनोट १६६१ साली त्यांनीच काढली, आणि नोट जवळजवळ घालवण्यातही तेच पुढे गेले. त्याच स्वीडनच्या सरकारने २०२४ साली संकटकाळासाठी घरोघरी जी पुस्तिका पाठवली, तीत निदान आठवडाभर पुरेल एवढी रोख घरात ठेवा, असे सांगितले आहे. त्याच वर्षी १९ जुलैला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष सॉफ्टवेअरमुळे जगभरचे संगणक कोलमडले. आपल्याकडेही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पेनाने लिहिलेल्या पासावर विमान उडाले. ऑस्ट्रेलियात दुकानांतली पैसे घेणारी यंत्रे बंद पडली, आणि ज्याच्या खिशात नोटा त्याची सोय झाली.

तर मग घरच्यांनी काय करावे? मी आता जे करतो ते सांगतो. बॅग घरी मोजताना हातातली पिशवी वेगळी मोजतो. वजन जास्त भरणार असेल, तर आदल्या दिवशीच ऑनलाइन पैसे भरतो. खिडकीपेक्षा ते बहुधा स्वस्तही पडते. रोख घेतात का, हे आधी फोन करून विचारतो, कारण सगळीकडे एकच नियम नाही. आणि बटणांच्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देता येतात, ही सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्येच सुरू केली आहे. ती मी आत्याला दाखवली. तिने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "आणि आकडा चुकला तर?" त्यावर माझ्याकडे तिला पटेल असे उत्तर नव्हते. शेवटी बँकेतून एक कार्ड काढून घेतले. ते ती बटव्यात नोटांच्या घडीमध्ये ठेवते, नोटांना सोबत म्हणून.

परतीच्या वेळी लेकीने शहाणपणाने पाच किलोचे जादा पैसे आधीच भरून ठेवले होते. बाळंतपण पार पडलेले, लाडू संपलेले, तूप संपलेले, गोधडी नातवाकडे राहिलेली. बॅग काट्यावर ठेवली तर साडेअकरा किलो. आत्याने खिडकीवरच्या मुलाला विचारले, "बाळा, भरलेल्या पाच किलोंचे पैसे परत देता का? कार्डात टाकलेत तरी चालतील."

तो मुलगा हसला आणि बॅगेला पट्टी लावली. ते पैसे परत मिळायला हवेत की नको, यावर चऱ्होलीच्या घरात अजून वाद चालू आहे.