पाणी किती फुटांवर आले?

पावसाळ्याच्या दिवसांत सांगलीच्या माणसाला "काय, पाणी किती?" असे विचारले, तर तो पावसाचे मिलिमीटर सांगत बसत नाही. "आयर्विनला अडतीस" एवढेच सांगतो, आणि ऐकणाऱ्याला सगळे समजते. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ साली खुला झालेला जुना पूल. तेथे पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४० फुटांवर पाणी आले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर आले की धोका पातळी. कोल्हापूरकरांचे लक्ष असेच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे असते. तेथे इशारा ३९ फुटांवर आणि धोका ४३ फुटांवर.

याशिवाय आणखी एक मोजपट्टी घरोघर असते. ती म्हणजे भिंतीवरची खूण! २००५ साली पाणी कोठवर आले होते, हे नदीकाठच्या प्रत्येक घरातली वडीलधारी माणसे बोटाने दाखवीत. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा पाणी चढू लागले, तेव्हा अनेकांनी याच खुणेवर भरवसा ठेवला. "त्या वेळी पायरीपर्यंत आले होते, यापुढे येणार नाही," असे म्हणून ते घरातच राहिले. पण या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सुमारे चार फुटांचा हा फरक कागदावर लहान दिसतो, पण घरात तो तुमच्या छातीइतका होतो. रस्ते बुडाले, माणसे माड्यांवर आणि छपरांवर अडकली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले.

मग खूण खोटी होती काय? नाही. मागचा पूर कोठवर आला, एवढेच तिने सांगितले होते. पुढचा पूर तेथेच थांबेल, हा अर्थ लोकांनी काढला होता. मोजमाप आणि त्याचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा विज्ञानातला पहिला धडा येथे फार महाग पडला.

चढणारे पाणी कसे वाचावे?

केवळ "पाणी ४२ फूट" या एका आकड्यावरून फारसे कळत नाही. ते चढते आहे की उतरते आहे, आणि किती वेगाने, हे कळायला हवे. समजा, एका गावात दर तीन तासांनी नोंद केली आणि आकडे असे मिळाले: सकाळी ६ वाजता ३८ फूट, ९ वाजता ४० फूट, १२ वाजता साडेएकेचाळीस आणि दुपारी ३ वाजता साडेबेचाळीस. पाणी अजून चढतेच आहे, पण वाढ पाहा: आधी २ फूट, मग दीड, मग १. वाढीचा वेग कमी होत आहे. यावरून पूर शिगेला पोहोचत आला आहे, असा अंदाज करता येईल.

पण थांबा! वेग कमी होण्याचे दुसरेही एक कारण असू शकते. नदी काठाच्या आत असते तोवर तिचे पात्र अरुंद असते. पाणी काठ ओलांडून मळीत आणि शेतांत पसरले, की तेवढेच पाणी उंची कमी वाढवते. म्हणजे येणारे पाणी कमी झालेले नसतानाही पट्टीवरचा आकडा हळू चढेल. म्हणून जाणती माणसे वरच्या अंगाकडेही लक्ष ठेवतात: कोयना धरणातून किती पाणी सोडले, वारणेचे काय, पाणलोट क्षेत्रात पाऊस किती. कोयनेचे पाणी सांगलीला पोहोचायला साधारणपणे एखादा दिवस तरी लागतो. हा एक दिवस हीच नदीकाठच्या माणसाची खरी ठेव!

आवक आणि जावक

धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट. धरणातला साठा टीएमसीमध्ये मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. आता एक गणित करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून एक लाख क्युसेकने पाणी दिवसभर वाहिले, तर ८.६४ टीएमसी होते.

कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा साठा सुमारे १२३ टीएमसी आहे. २०१९ च्या पुरात या धरणातून पाच लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले होते. पाच लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ४३.२ टीएमसी. याचा अर्थ असा, की पूर्ण रिकामे असलेले अलमट्टी अशा पुराने तीन दिवसांच्या आतच काठोकाठ भरेल! एवढे मोठे धरणसुद्धा महापुरापुढे किती लहान आहे, हे या साध्या गुणाकाराने कळते. म्हणून धरणात किती पाणी आहे यापेक्षा किती जागा शिल्लक आहे आणि दार केव्हा उघडले, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

वाद कशाचा आहे?

अलमट्टीत सध्या ५१९.६० मीटर पातळीपर्यंत पाणी साठवतात. ही पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १५ फूट वाढवावी, अशी कर्नाटकाची योजना आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० साली त्याला मान्यता दिली. महाराष्ट्राचा, विशेषतः सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या लोकांचा, याला विरोध आहे. "खाली पाणी अडले, की आमचे पाणी निचरत नाही," असे ते म्हणतात.

दुसरी बाजू म्हणते, "सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. ५१९ मीटरवरचे पाणी तेथवर चढेल कसे?"

दोन्ही म्हणणी ऐकताना पटतात. मग खरे काय? यासाठी एक प्रयोग करून पाहा.

दीड-दोन मीटर लांबीची एक पन्हळ घ्या. तिच्या एका टोकाखाली एक वही ठेवून अगदी थोडा उतार द्या. खालच्या टोकाला वहीच्या जाडीपेक्षा कमी उंचीची फळी मेणाने चिकटवा. हे आपले धरण. पन्हळीत पाणी भरून ते स्थिर होऊ द्या. पाणी आडवे, सपाट राहील आणि मागे एका ठिकाणी संपेल. तेथे खूण करा. आता वरच्या टोकाला नळीने जोरात पाणी सोडा. पाणी फळीवरून सांडू लागेल. पण पृष्ठभाग आता सपाट राहिला नाही. तो वरच्या बाजूला चढता झाला आहे, आणि तुमच्या खुणेच्याही मागे पाण्याची खोली वाढली आहे. ही वाढ म्हणजेच फुगवटा. आणखी मागे जाल तसा तो कमी कमी होत नाहीसा होतो.

या प्रयोगाने दोघांनाही थोडे थोडे उत्तर मिळते. वाहते पाणी सपाट नसते, म्हणून केवळ दोन उंचींची वजाबाकी करून प्रश्न मिटत नाही. पण फुगवटा हवा तितका लांबही जात नाही. तो कोठवर जाईल हे उतारावर, विसर्गावर, अडथळ्याच्या उंचीवर आणि पात्राच्या रुंदीवर अवलंबून असते. सांगली आणि अलमट्टी यांत सरळ रेषेतच सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर आहे, आणि मध्ये हिप्परगीचा बंधारा, पूल, त्यांचे भराव आणि असंख्य वळणे आहेत.

फुगवट्याला धरणच लागते असेही नाही. सांगलीच्या खालीच हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणेला मोठा पूर असला, की कृष्णेचे पाणी संगमावर तुंबते. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा आणि कृष्णा एकमेकींना असेच अडवतात.

२०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०२० साली दिलेल्या अहवालात अतिवृष्टी आणि पात्रातील अडथळे व अतिक्रमणे यांवर बोट ठेवले. अलमट्टीमुळे हा पूर आला असे तिला आढळले नाही. अनेक नागरिकांना हे पटले नाही, आणि वाद चालूच राहिला.

नदी एक, काठ अनेक

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सांगलीकर अलमट्टीकडे पाहतात, तसेच खालचे अथणी आणि चिक्कोडीचे लोक कोयनेकडे आणि राजापूर बंधाऱ्याकडे पाहतात. २०१९ साली त्यांचीही घरे बुडाली. अलमट्टीच्या पाण्याखाली जुन्या बागलकोटचा मोठा भाग गेला आणि तेथील लोकांना नव्या वस्तीत जावे लागले. त्याच पाण्यावर कोरडवाहू शेतकऱ्यांची आशा आहे. आपल्याकडेही कोयना लवकर रिकामी ठेवली आणि पाऊस दडून बसला, तर वीज आणि शेती दोन्ही अडचणीत येतील. वरच्या गावाने लवकर सोडलेले पाणी हे खालच्या गावाचे संकट असते. म्हणून दोन्हीकडचे आकडे दोन्हीकडच्या लोकांना वेळेवर कळणे, हाच भांडण कमी करण्याचा पहिला उपाय होय.

तुमचे गाव नदीकाठी असेल, तर या पावसाळ्यात शाळेची एक नोंदवही सुरू करा. पाण्यात उतरू नका. पुलावरची किंवा घाटावरची पट्टी दुरूनच वाचा. तारीख, वेळ, उंची आणि पाऊस लिहा, आणि आलेख काढा. गावातील जुन्या खुणा शोधून त्यांची वर्षे लिहून ठेवा. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. तुमची शाळा त्यांपैकी कोणत्या रेषेच्या आत आहे, ते शिक्षकांच्या मदतीने पाहा. शक्य झाले तर नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या एखाद्या शाळेला पत्र लिहून तुमचे आकडे कळवा आणि त्यांचे मागवा.

आणि भिंतीवरच्या सर्वांत वरच्या खुणेकडे पाहताना एवढे विसरू नका, की तिच्यावर अजून बरीच भिंत कोरी आहे.