उघड्या टपाची जुनी मोटार

मोटार हा आमच्या लेखणीचा विषय नव्हे. आयुष्य शब्दरूपे आणि समासांचे विग्रह शिकविण्यात गेले, आणि ज्याचे अंतरंग आम्हांस ठाऊक आहे असे वाहन एकच, ते म्हणजे सायकल. तथापि गेल्या वर्षी आमच्या घरी साठ वर्षांच्या एका विलायती मोटारीच्या खरेदीचा प्रश्न निघाला, आणि घरातील वडील म्हणून तो निर्णयासाठी आमच्यापुढे आला. त्या निमित्ताने जे पाहावे व शिकावे लागले ते येथे नमूद केल्यास, ज्या घरांत असा हट्ट आज ना उद्या निघणार आहे त्यांचे काही रुपये तरी वाचतील, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

हट्ट आमच्या पुतण्याचा. परंतु खरे पाहता तो त्याचा नव्हेच. आमचे धाकटे बंधू लहानपणी शिक्षणासाठी नागपुरास मामांकडे होते. शेजारी एक डॉक्टर राहत, व त्यांच्याजवळ टप पाडता येणारी हेरल्ड मोटार होती. रविवारी सकाळी आळीतील मुलांना तीत कोंबून ते अंबाझरीच्या तलावापर्यंत फिरवून आणीत. बंधू पुढे नोकरीस लागले, संसारात पडले, पण ती रविवारची फेरी त्यांच्या बोलण्यातून कधी गेली नाही. सेवानिवृत्त झाल्यावर तशी गाडी घेण्याचा त्यांचा मनोदय होता. निवृत्तीस दोन वर्षे असतानाच ते गेले. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आमच्या भावजयीच्या नावे बँकेत होती, आणि तिचा मोठा भाग मोडून वडिलांच्या मनातील गाडी घ्यावी, असे पुतण्याचे म्हणणे. भावजय हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. “मोठ्या भावोजींना विचार,” एवढेच तिने सांगितले.

कोंढा हे आमचे गाव पवनी तालुक्यात, धानाच्या बांध्यांनी वेढलेले. चिखलणीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल, वैशाखात डोक्यावर आग. अशा ठिकाणी उघड्या टपाची गाडी म्हणजे शुद्ध वेड, हे आमचे पहिले मत होते. ते मत पूर्णपणे बदलले आहे, असेही नाही.

हेरल्डचे मूळ इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे. तेथील स्टँडर्ड-ट्रायम्फ मंडळीने ती १९५९ साली बाजारात आणली; तिची आकृती जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने रेखाटली. त्या काळी मोटारीचे अंग आणि सांगाडा एकजीव करण्याची चाल पडू लागली होती. परंतु स्टँडर्डला अंगे पुरविणारा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला, तेव्हा निरनिराळ्या ठिकाणी तुकडे करवून घेऊन ते स्वतंत्र चासीवर बोल्टांनी जोडण्यावाचून त्यांस गत्यंतर राहिले नाही. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे मोठी सोयीची ठरली. हेरल्डचे बोनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसह संपूर्ण पुढे उलटते व इंजिन चहूकडून मोकळे होते. पंचवीस फूट व्यासाच्या वर्तुळात ती वळते. छप्परही बोल्टांनीच बसविलेले असल्यामुळे बंद गाडीवरून उघडी गाडी काढणे कारखान्यास जड गेले नाही, आणि १९६० पासून कापडी टपाची हेरल्ड निघू लागली. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कारखान्याने १९६१ पासून ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बनविली. अँबॅसडर आणि फियाट यांच्या त्या जमान्यात ती तिसरी गाडी होय.

जे छप्पर कारखान्यास काढता येते ते कोणासही काढता येते. सगळी मेख येथे आहे.

पहिली गाडी आम्ही नागपूरच्या बाजूस पाहिली. आमच्याबरोबर भंडाऱ्याचे एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांची हयात अँबॅसडरच्या खाली उताणे पडून गेलेली. गाडी लाल, आरशासारखी. पुतण्याचे डोळे लकाकले, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबकाचा लहानसा तुकडा काढला, रुमालात गुंडाळला आणि दाराच्या खालच्या कडेस लावला. तो चिकटेना. एक वीत पुढे लावला, तेथेही घसरला.

“गुरुजी, इथं पत्रा नाही. नुसती लांबी भरली हाये,” ते हळूच म्हणाले. लांबी म्हणजे रंगारी लोक खड्डे बुजविण्यास वापरतात तो लगदा. गंजून गेलेल्या पत्र्याच्या जागी तो भरून वर रंग दिला की गाडी दोन वर्षे नवी दिसते.

पुढे नोंदणीपुस्तक मागितले. त्यात गाडीचा प्रकार ‘सलून’ असा, म्हणजे बंद छपराची. विकणारे गृहस्थ म्हणाले की, ती लिहिणाऱ्याची चूक असून गाडी जन्मतःच उघडी आहे. मिस्त्रींनी मागील बाजूचे कापड उचलून जुन्या छपराच्या बोल्टांची बुजविलेली भोके दाखविली, तेव्हा गृहस्थ दुसऱ्या विषयाकडे वळले. पाणिनीच्या शास्त्रात लोप म्हणजे नाश नव्हे, केवळ न दिसणे; प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य पुढे चालू राहते. या गाडीच्या छपराचा तसाच लोप झालेला होता, आणि नोंदणीपुस्तकात त्याचे कार्य अखंड चालू होते!

ही गोष्ट केवळ शब्दांची नव्हे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांचा ‘व्हिंटेज’ म्हणून निराळा वर्ग केला. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात व ती दहा वर्षे चालते. पुढील नूतनीकरणास ५,००० रुपये. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीस जुना क्रमांक राखता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणावयाची. नित्याच्या वापरास ती नव्हे. ज्यांस अधूनमधून देवदर्शनास किंवा लग्नकार्यास गाडी न्यावयाची आहे त्यांनी साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी आणि जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर निमूटपणे भरावा. कोणताही मार्ग धरला तरी कागद एक सांगतो आणि गाडी दुसरे दाखविते, अशी स्थिती असल्यास मालकास सुख नाही. लाल गाडी आम्ही सोडली. पुतण्या परतीच्या वाटेवर आमच्याशी एक अक्षर बोलला नाही.

उघड्या गाडीत छप्पर नसते म्हणजे केवळ सावली नसते, असे नव्हे. झाकण काढलेले पुठ्ठ्याचे खोके हाताने पिळून पाहावे, म्हणजे समजेल. ज्या गाड्यांस स्वतंत्र चासी नाही, उदाहरणार्थ १९६२ साली निघालेली एम. जी. बी., त्यांचे सारे बळ दारांखालून जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पेट्यांत असते, आणि गंज नेमका तेथे आतून लागतो. अशी गाडी मध्यावर जॅक लावून उचलावी व दार उघडून पुन्हा लावून पाहावे. दार अडकले तर कणा गेला म्हणून समजावे. हेरल्डचे तसे नाही; तिला चासीचा आधार आहे. परंतु चासीच्या मुख्य तुळयांना बाजूंस जे आडवे हात जोडलेले असतात ते प्रथम कुजतात. हात बदलता येतात; तुळया कुजल्या असतील तर गाडीस नमस्कार करून परत यावे.

दुसरी गाडी दोन महिन्यांनी अमरावतीस मिळाली. एका वृद्ध गृहस्थांच्या गोठ्यात ती कित्येक वर्षे उभी होती. रंग एके काळी निळा असावा. टप फाटलेला, आणि मागील बैठकीत उंदरांनी कापसाचे प्रशस्त घर केलेले. पण नोंदणीपुस्तकात ती उघड्या टपाचीच होती, आणि इंग्लंडात बनलेल्या उघड्या हेरल्डच्या क्रमांकाच्या शेवटी जी ‘सी. व्ही.’ अक्षरे असतात ती पट्टीवर स्पष्ट उमटलेली होती. त्या काळी परदेशी वकिलातींच्या मोटारी राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. तशी ही गाडी हिंदुस्थानात राहिलेली. पहिल्या खरेदीची पावती गृहस्थांनी पोथीसारखी फडक्यात बांधून ठेवली होती.

मिस्त्री पाऊण तास गाडीखाली होते. तुळयांवर त्यांनी हातोडीने टकटक केले. आवाज खणखणीत आला. चार आडवे हात मात्र टोचणीने आरपार गेले. नंतर त्यांनी पुतण्यास क्लच दाबावयास सांगितले व स्वतः इंजिनाच्या पुढील पुलीकडे पाहत राहिले. क्लच दाबताच पुली ठळकपणे पुढे सरकली तर आतील चकत्या झिजलेल्या असतात, आणि त्या निसटल्यास इंजिन फुकट जाते. पुली जेमतेम हलली. मग पुढील चाकांच्या खालचे कांशाचे सांधे. यांत ग्रीस नव्हे, घट्ट गिअर तेल घालावयाचे असते. ते न घातल्यास सांधा तुटून चालत्या गाडीचे चाक आडवे पडते. आमचे भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले, पण कांशाला तेल पाजावे लागते हे आम्ही प्रथमच ऐकले. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावा आणि वळणावर एकाएकी ॲक्सिलरेटरवरून पाय काढू नये, कारण मागील चाके आत मुडपतात, असे दोन उपदेश मिस्त्रींनी पुतण्यास तेथेच केले.

नोंदणी वाढविलेली नव्हती. ती थकबाकी, चार हातांची वेल्डिंग आणि नवा टप हे सारे वजा जाता मागितलेल्या किमतीच्या दोनतृतीयांशावर सौदा ठरला. पैशाचा प्रश्न घरी निघाला तेव्हा भावजयीने, गाय घेताना विचारावे तसे, एकच विचारले, “ही वर्षाला खाणार किती?” पुतण्या गप्प. आम्ही कागद घेऊन बसलो. विमा, कर, बॅटरी, टायर. इंग्लंडात सुटे भाग आजही नव्याने तयार होतात, पण आयातकर भरून ते येथे येईपर्यंत किंमत फुगते. शिशाचे पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हांची बैठक त्यामुळे लवकर झिजते. अलीकडच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या कुजतात. त्या सर्व बदलणे आले. बेरीज पाहून भावजयीने निधीचा एकतृतीयांश देण्याचे ठरविले. उरलेले पुतण्याने आपल्या पगारातून घालावे, आणि पुस्तकावर नाव तिचे असावे. खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत कळवावे लागते, म्हणून २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने आम्हीच आमच्या हाताने भरले.

गाडी दुरुस्त होऊन कोंढ्यास येण्यास आठ महिने लागले. निम्मा वेळ इंची पाने शोधण्यातच गेला. आजच्या कारागिरांजवळ मिलिमीटरचेच असतात, आणि ते बोल्टांची डोकी गोल करून ठेवतात. शेवटी मिस्त्रींच्या अँबॅसडरच्या काळच्या पेटीत ते सापडले. टप नागपुरास शिवून घेतला. उंदरांसाठी बैठकीखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत, व दर शनिवारी त्या आम्ही मोजतो.

उन्हाळा-पावसाळ्यात ती झाकलेली असते. मार्गशीर्षातल्या सकाळी मात्र पुतण्या टप पाडतो आणि आईला पवनीस वैनगंगेवर घेऊन जातो. डावीकडचा वळणदिवा चार वेळा दुरुस्त करूनही अद्याप नीट लागत नाही. त्यामुळे गाडी डावीकडे वळावयाची असली म्हणजे भावजय पदर सावरून, बांगड्या मागे सारून, डावा हात बाहेर काढून दाखविते.